एका सेटमध्ये तीन निळे: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही आमच्याकडे मॅचिंग सेट छापायला दिला होता, पण व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड आणि पाकीट या तिन्हींवर निळा वेगवेगळा आला. लेटरहेडच्या तळाचा पत्ता वाचता येत नाही. आणि "एकच लोगो तीन ठिकाणी चिकटवायला तीन आठवडे लावले", असं तुमचं म्हणणं.

निळ्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. कार्ड ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) गुळगुळीत आर्ट कार्डवर, वर मॅट लॅमिनेशन. लेटरहेड १०० जीएसएमच्या अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेल्या कागदावर. हा कागद शाई पितो, म्हणून तोच निळा त्यावर फिका आणि जरा मळकट उतरतो. पाकिटाचा कागद किंचित पिवळसर, आणि छपाईची शाई पारदर्शक असल्यामुळे खालचा रंग वर डोकावतो. लेटरहेडही गुळगुळीत कागदावर घेता आलं असतं, पण त्यावर सही लवकर वाळत नाही, हात लागला की पसरते. म्हणजे कागदाची निवड चुकली नव्हती. चुकलं ते असं, की प्रत्येक कागदासाठी शाईचं प्रमाण वेगळं बसवायला हवं होतं आणि आम्ही तिन्हीकडे एकच ठेवलं. तुम्ही पीडीएफला ओके दिला होता, पण स्क्रीनवर कागद दिसत नाही. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, त्या त्या कागदावर काढून दाखवणं आमचं काम होतं.

पत्त्याची चूकही आमचीच. ६ पॉइंटची अक्षरं, तीही ४० टक्के काळ्यात. छापताना असा राखाडी काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी तयार होतो, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा तुटतात. देवनागरीत पहिला बळी मात्रा, अनुस्वार नि रफार यांचा. तुमच्या पत्त्यातल्या 'मार्ग'चा रफार मी भिंग घेऊन शोधला, अर्धाच सापडला.

'चिकटवला' हे मात्र मान्य नाही. तुमचा लोगो व्हॉट्सॲपवरून आलेल्या छोट्या जेपीजीत होता. मोबाईलवर छान दिसतो, छापला की कडांना दाते पडतात. मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा साफ राहतात ती) तुमच्याकडे नव्हती, म्हणून तो सगळा नव्याने रेखाटला. त्यातच पहिला आठवडा गेला. कार्डावर तो जेमतेम १२ मिलिमीटर रुंद बसतो. तेवढ्यात खालची बारीक रेघ टिकली नसती, म्हणून कार्डापुरता तिच्याशिवायचा लोगो केला. ए४ कागदाला तीन भागांत घडी पडते ती वरून साधारण ९९ मिलिमीटरवर, म्हणून तारीख आणि 'प्रति' त्याच्या वर घेतले. हे नजरेत भरत नाही, भरूही नये. (पत्ता दोनदा बदलला, दुसऱ्यांदा छपाईची प्लेट निघाल्यावर. त्याबद्दल तक्रार नाही, फक्त दिवसांचा हिशोब जुळावा म्हणून सांगितलं.)

लेटरहेड आणि पाकिटं आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापतोय. पत्ता ८ पॉइंटला, पूर्ण काळ्यात. निळा कार्डाच्या जितका जवळ नेता येईल तितका नेऊ. तंतोतंत तोच येईल असं मी लिहून देणार नाही, कागद ते होऊ देत नाही. जुनी लेटरहेड्स परत देऊ नका, पाठकोरी आहेत, कच्च्या कामाला चालतील.

छापण्याआधी दोन्ही कागदांवर प्रूफ काढून फोन करतो. येताना कार्ड घेऊन या, आणि शक्यतो दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली निळा पाहून आपण पुन्हा फसू.