‘वण न राहणारी’ हेअरलाइन : एका व्हायरल मजकुराचा समाचार

व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये केसप्रत्यारोपणाची जाहिरात करणारा एक मजकूर थोडेफार शब्द बदलून सतत फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : ‘कापाकापी नाही, टाके नाहीत, वण नाही. एका दिवसात 5,000 ग्राफ्ट आणि कॉलेजच्या वयातली हेअरलाइन परत. केस आयुष्यभर टिकणार, औषधांची गरज नाही. उद्या डोक्यावरून वस्तरा फिरवला तरी कुणाला कळणार नाही.’

यातली ‘टाके नाहीत’ एवढी गोष्ट खरी आहे. बाकीचं, आणि त्याच्या जोडीने केले जाणारे आणखी काही दावे, एकेक घेऊ.

‘कापाकापी नाही, वण नाही’

बिनटाक्याच्या एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून केसांचा एकेक पुंजका, म्हणजे ग्राफ्ट, बारीक गोल पात्याने, म्हणजे पंचने, सोडवून घेतात आणि पुढे टकलाच्या जागी लावतात. पंचचा व्यास साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर असतो. तो त्वचेच्या आरपार जातो, म्हणजे कापतोच. त्वचेची पूर्ण जाडी छेदली गेली की ती वण ठेवून भरते, याला एफयूई अपवाद नाही. तिथे बारीक, फिकट ठिपके उरतात.

हिशेब करून पाहा. 0.9 मिलिमीटरच्या एका छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे 0.64 चौरस मिलिमीटर. अशी 3,000 छिद्रं म्हणजे एकूण 19 चौरस सेंटिमीटर जखम. भरताना ती आकसते, म्हणून ठिपका पंचपेक्षा लहान राहतो. जुन्या एफयूटी पद्धतीत साधारण सव्वा सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर लांब पट्टी काढून टाके घालतात. टाके नीट बसले तर उरते ती एक-दोन मिलिमीटरची रेघ, म्हणजे पाच चौरस सेंटिमीटरच्या आत. एफयूईत वण नाहीसा होत नाही, विखुरला जातो, आणि विखुरल्यामुळेच तो नजरेत भरत नाही. लहान केस ठेवणाऱ्याला हा फायदा मोठाच आहे. एफयूटीची रेघ झाकायला मशीनचा तीन-चार नंबर तरी लागतो, चांगली एफयूई एक-दोन नंबरलाही लपते.

पण ‘चांगली’ या शब्दात बरंच काही येतं. घाईत काम उरकायचं असेल तर मोठा पंच घेतात, कारण मोठ्या छिद्रातून ग्राफ्ट सहज निघतो. पंच 0.9 ऐवजी 1.2 मिलिमीटरचा झाला की प्रत्येक जखम जवळपास पावणेदोनपट मोठी होते. शिवाय सांगितलेला आकार पुष्कळदा पंचच्या आतल्या व्यासाचा असतो. जखम बाहेरच्या व्यासाची होते. म्हणून बाहेरचा व्यास विचारावा.

राहिला वस्तरा. आपल्याकडे दहाव्याला मुंडण होतं, तिरुपतीला केस दिले जातात, त्यामुळे हा प्रश्न नुसता फॅशनचा नाही. सावळ्या त्वचेवर रंग गेलेले पांढुरके ठिपके गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त उठून दिसतात आणि उन्हाने आजूबाजूची कातडी रापली की आणखीच. तुळतुळीत डोक्यावर, जवळून पाहणाऱ्याला ते दिसतात. ज्यांच्या कानाच्या पाळीवर किंवा छातीवर जुन्या जखमेचा वण फुगून वाढला आहे, त्यांनी तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी.

‘डीएचआय आणि सफायर असल्यामुळे वण नाहीच’

ही चलाखी आहे. डीएचआयमध्ये वापरतात ते चोई इम्प्लांटर हे पेनासारखं साधन दक्षिण कोरियात तयार झालं, 1992 साली. ते ग्राफ्ट लावायला वापरतात. सफायरचं पातंही ग्राफ्ट जिथे लावायचा तिथली चीर पाडण्यापुरतं. वण राहतात ते मागे, जिथून ग्राफ्ट काढले तिथे. आणि काढणी या दोन्ही प्रकारांत एफयूईचीच असते. पुढच्या बाजूला 0.7 ते 1 मिलिमीटरच्या चिरा तशाही सहसा दिसत नाहीत. तिथे बिघडतं ते खोलीमुळे. ग्राफ्ट फार खोल बसला तर केसाच्या बुडाशी खळगा पडतो, वर राहिला तर त्वचा खडबडीत दिसते.

‘एका दिवसात 5,000 ग्राफ्ट’

मागच्या आणि कानावरच्या ज्या पट्ट्यातले केस सहसा टकलातही टिकतात, तो डोनर एरिया ढोबळमानाने 200 चौरस सेंटिमीटर भरतो. दर चौरस सेंटिमीटरला 65 ते 85 पुंजके असतात. ठिपके दिसू नयेत आणि मागचा भाग विरळ वाटू नये, तर एका बैठकीत दर चौरस सेंटिमीटरमागे 15 ते 20 पुंजकेच घ्यावेत, तेही अंतर राखून. म्हणजे 3,000 ते 4,000 ही चांगल्या डोनरची वरची मर्यादा झाली. आयुष्यभरात मिळून बहुतेकांकडून 5,000-6,000 निघतात. ही व्याज न मिळणारी ठेव आहे. एकदा काढलेला पुंजका तिथे पुन्हा उगवत नाही. एका दिवसात 5,000 उचलले की डोक्याची मागची बाजू कसर लागल्यासारखी दिसते, आणि पुढे टक्कल टाळूपर्यंत पोचलं तर लावायला काहीच उरत नाही.

दुसरं असं की नुसत्या हेअरलाइनला इतके लागतच नाहीत. पुढची 35 चौरस सेंटिमीटर जागा धरा, दर चौरस सेंटिमीटरला 40 ग्राफ्ट धरा : 1,400. मूळ दाटी याच्या दुप्पट असली तरी हरकत नाही, कारण दाटी निम्म्यावर येईपर्यंत डोळ्याला विरळपणा फारसा जाणवत नाही. मग 5,000 आले कुठून? पुष्कळदा केस मोजून त्यांना ग्राफ्ट म्हटलेलं असतं. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस असतात, त्यामुळे आकडा आपोआप फुगतो. एक, दोन आणि तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले याचा तक्ता लेखी मागा.

वेळेचाही प्रश्न आहे. बाहेर काढलेला ग्राफ्ट थंड द्रावणात ठेवला तरी तासागणिक काही ग्राफ्ट दगावतात. बैठक जितकी लांबते तितकी भुलीच्या औषधाची मात्राही वाढते. अॅड्रिनलिनसह दिलेल्या लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची नेहमीची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 7 मिलिग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 490 मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधाचे ते जेमतेम 24 मिलिलिटर होतात. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. त्या एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या होत्या. मृत्यूचं कारण म्हणून तीव्र अॅलर्जीचा संशय व्यक्त झाला होता, ग्राफ्टच्या संख्येवर त्याचं खापर फोडता येत नाही. पण अशी प्रतिक्रिया आली तर ती ओळखणारा डॉक्टर आणि लागणारी औषधं खोलीत हजर हवीत.

‘कॉलेजच्या वयातली हेअरलाइन’

सतराव्या वर्षीची सरळ, खाली उतरलेली रेघ चाळिशीत विचित्र दिसते. प्रौढ पुरुषाची हेअरलाइन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून सात ते नऊ सेंटिमीटर वर असते आणि कानशिलांकडे थोडी मागे सरकलेली असते. तो कोपरा मुद्दाम सोडायचा असतो, भरायचा नसतो. पहिल्या ओळींत एकेका केसाचेच ग्राफ्ट, पट्टीने आखल्यासारखे नव्हे, पुढेमागे. दोन-तीन केसांचे त्यांच्यामागे. केस पुढे झुकलेला, त्वचेशी 15-20 अंशांचा कोन करून बसायला हवा, कानशिलावर तर जवळजवळ आडवा. कोन चुकला की ब्रशसारखे उभे केस येतात, आणि ते लांब ठेवूनही लपत नाहीत. बाविशीतल्या मुलाला खालची रेघ आखून देणं हा आमच्या मते या धंद्यातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. मागचे मूळचे केस गळत जातात आणि पुढे लावलेली पट्टी बेटासारखी एकटी उरते.

‘आयुष्यभर टिकणार, औषधं नकोत’

मागचे केस पुढे लावले तरी मूळचा टिकाऊपणा बाळगतात. त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी 1959 मध्ये हे मांडलं आणि ते आजही खरं आहे. मात्र हा नियम लावलेल्या केसांचा, शेजारच्या मूळच्या केसांचा नव्हे. त्यांची गळती थांबवायला फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल यांसारखी औषधं लागतात. फिनास्टेराइडमुळे काहींना कामेच्छा कमी होण्यासारखा त्रास होतो, प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही निम्म्यावर येतो. त्यामुळे ती डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी किंवा टाळावी. औषध घ्यायचं नसेल तर हेअरलाइन आणखी वर आणि ग्राफ्ट आणखी राखून, एवढाच अर्थ.

रीलमधले ‘आधी-नंतर’ फोटो पाहताना महिने विचारा. खपल्या 7 ते 14 दिवसांत पडतात. दोन ते चार आठवड्यांत लावलेले केसही गळतात, मूळ मात्र आत शाबूत असतं. उगवण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते आणि निकाल बाराव्या महिन्याच्या सुमारास कळतो. दहाव्या दिवशीचा दाट फोटो म्हणजे गळण्याआधीचे खुंट.

‘आमची टीम करते’

टीम कोण, हे विचारा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणं म्हणजे केसप्रत्यारोपणाचं पुरेसं प्रशिक्षण नव्हे. पंच कोण चालवणार आणि चिरा कोण पाडणार, त्या डॉक्टरचं नाव संमतिपत्रावर हवं.

‘राहिलाच वण तर पीआरपीने जातो’

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या, प्लेटलेट्स जास्त असलेल्या द्रवाची इंजेक्शनं. त्यांनी वण जात नाही. झाकता येतो. रंगद्रव्याचे बारीक ठिपके गोंदून फिकट वण आजूबाजूच्या खुंटांत मिसळवतात. रंग काही वर्षांनी फिका पडतो, तेव्हा ते पुन्हा करावं लागतं. एफयूटीच्या रुंद रेघेत दाढीचे किंवा डोक्याचे ग्राफ्ट लावतात. वणाच्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथे दाटी करायला गेलं की ग्राफ्ट मरतात. पहिल्या खेपेला दर चौरस सेंटिमीटरला 20-25 लावून आठ-दहा महिने थांबायचं, किती जगले ते पाहायचं आणि मगच दुसरी खेप ठरवायची.