अंबाबाईच्या किरणोत्सवाला गुप्त भिंग लागत नाही

जानेवारी संपत आला की कोल्हापुरातल्या फोनांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या आठवीतल्या भाचीनं आणला. "मामा, हे खरं हाय काय?" मजकुराचा सारांश असा: अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीचे किरण पडतात ते दारातल्या गुप्त भिंगामुळं, हे किरण खाली पडायचे सोडून पायांकडून चेहऱ्याकडं चढतात, आणि हे कोडं विज्ञानाला सुटलेलं नाही, वर्षातून दोनदा बरोबर तीन-तीन दिवसच हे घडतं, पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा, किरण सोनेरी दिसतात ते दागिन्यांतल्या रत्नांमुळं, आणि त्या वेळी सूर्याकडं टक लावून पाहिलं की चष्मा सुटतो. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

आधी भिंग. भिंग प्रकाश "ओढून" आणत नाही, त्याची दिशा बदलतं. बहिर्वक्र भिंग उन्हात धरा: किरण नाभीपाशी एकवटतात आणि तिथून पुढं पसरत जातात. कागद नाभीपासून मागं न्या, ठिपका मोठा आणि फिकट होत जातो. म्हणजे भिंगानं लांबवरच्या मूर्तीवर उजेड पाडायचा तर त्याचं नाभीय अंतर नेमकं तेवढं लांब हवं, आणि ते दारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसवलेलं हवं. महाद्वारातून रोज हजारो माणसं आत जातात. कुणाचं डोकं आजवर भिंगावर आपटलेलं नाही.

त्याहून सोपा पुरावा आपल्याच शहरात आहे. किरणांच्या वाटेत इमारती, फलक, तारा आल्यानं किरणोत्सवात अडथळा येतो, ही तक्रार कोल्हापूरकर कित्येक वर्षं करतात. एखाद्या वर्षी ढग येतात आणि किरण पोचतच नाहीत. उत्सवाच्या वेळी आतले दिवे मालवतात, वाटेतली गर्दी बाजूला करतात. हे सगळं का करावं लागतं? कारण प्रकाश सरळ रेषेत येतो आणि वाटेत जे येईल त्याची सावली पडते. सहावी-सातवीच्या पुस्तकातलं वाक्य आहे हे.

आता किरण "चढण्याची" गोष्ट. मला यातच खरी गंमत वाटते. पश्चिमेला दार असलेल्या कुठल्याही घरात संध्याकाळी जमिनीवर खडू घेऊन बसा. साडेचारला उन्हाचा पट्टा उंबऱ्यापाशी असतो. सूर्य खाली उतरतो तसे किरण आडवे होत जातात, पट्टा आत सरकतो, समोरच्या भिंतीला भिडतो आणि मग भिंतीवर चढू लागतो. सूर्य खाली, उजेड वर. मंदिरात भिंतीच्या जागी मूर्ती आहे, म्हणून आधी पाय, मग कंबर, मग वर. प्रकाश "खाली पडतो" हा आपला समज दुपारच्या उन्हामुळं झालाय. तो दगडासारखा पडत नाही, जिकडून येतो त्याच्या समोर जातो.

पण सूर्य सरळ खाली उतरत नाही. कोल्हापूर उत्तर अक्षांश १६.७ वर आहे, त्यामुळं तो इथं किंचित उत्तरेकडं कलत मावळतो: एक अंश खाली जाताना साधारण ०.३ अंश बाजूला. म्हणून उजेडाचा पट्टा चढता चढता दक्षिणेकडं, म्हणजे पश्चिमाभिमुख देवीच्या डाव्या हाताला सरकत जातो. चढणं आणि सरकणं यांची ही शर्यत असते, आणि चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधी किरण बाजूला गेले की त्या दिवसापुरतं संपलं.

तारखांचं कोडंही इथंच सुटतं. परंपरेनं धरलेल्या तारखा आहेत ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास; मधली १० नोव्हेंबर त्याच्या ४२ दिवस आधी येते, १ फेब्रुवारी ४१ दिवस नंतर. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी मावळतो: ठीक पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. या दिवसांत मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते. १०० मीटर अंतरावर त्याचा अर्धा मीटर होतो. चिंचोळ्या वाटेतून किरण मोजकेच दिवस का शिरतात, ते एवढ्यावरून कळावं. मात्र "बरोबर तीनच, पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा" हा जिना सूर्य पाळत नाही. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडं चाललेला असतो, फेब्रुवारीत उत्तरेकडं; दोन्ही वेळा तोच क्रम निव्वळ भूमितीतून येणार नाही. जुन्या बातम्या काढून बघा, किरण कुठवर पोचले ते वर्षागणिक बदलतं.

आणि हे सगळं भिंगावर ढकलण्यात बांधणाऱ्यांचंच श्रेय जातं, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. मावळतीची जागा धरून दारांची आणि गाभाऱ्याची रेषा जुळवायची, तीही दगडात, याला वर्षानुवर्षांचं निरीक्षण लागतं.

सोनेरी रंगाचं थोडक्यात. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश माथ्यावरच्यापेक्षा सुमारे ३८ पट हवेतून येतो. निळा भाग विकिरणानं वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबडा उरतो. हाच रंग त्याच वेळी रंकाळ्याच्या पाण्यावर दिसतो, तिथं कुणी रत्नं टाकलेली नाहीत.

राहिला चष्मा. डोळ्यातलं भिंग सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलावर मिलिमीटरच्या जेमतेम सहाव्या भागाएवढी करतं, आणि ती नेमकी वाचण्यासाठी लागणाऱ्या जागेवर पडते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्यामुळं इजा होताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी मधोमध डाग दिसायला लागतो आणि कधी कधी तो कायमचा राहतो. मावळतीचा सूर्य सौम्य वाटतो, पण हवा स्वच्छ असली तर तोही धोक्याचाच. निकटदृष्टितेत, म्हणजे लांबचं धूसर दिसतं तेव्हा, बहुतेक वेळा बुबुळामागचा गोळाच लांबट झालेला असतो, प्रतिमा पटलाच्या अलीकडं पडते. उन्हाकडं बघून गोळा आखूड होत नाही. मुलं दिवसा घराबाहेर खेळली तर चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, एवढं मात्र संशोधनातून दिसलंय. ते उजेडात खेळणं झालं, सूर्याशी नजर भिडवणं नव्हे.

भाचीनं तो मजकूर पुढं पाठवला नाही. तिच्या घराचं दार पश्चिमेलाच आहे. सोप्यात आता खडूच्या सात रेघा आहेत, प्रत्येकीपुढं वेळ लिहिलेली, आणि तिची आई म्हणते, रविवारपर्यंत फरशी पुसायची नाही म्हणं.