हंगाम संपला की नेऊ

पोळा आठ दिवसांवर आला आणि बैलानं चाऱ्याला तोंड लावलं नाही, तर काय करायचं हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवता, कान गरम लागतात का पाहता, गुरांच्या डॉक्टरला फोन लावता. रात्री दोनदा उठून गोठ्यात बॅटरी मारता. याला जाणकारी म्हणतात भाऊ, आणि ती तुमच्यात आहे.

अडचण येते ती बायकोनं ताट सरकवलं तर. काही करू नका. उपास असेल असं समजा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, कुठला ना कुठला निघतोच. दुसऱ्या दिवशीही ती कंबर धरून बसली, तर एकच वाक्य पाठ ठेवा: "हंगाम संपला की नेऊ."

आपल्या वऱ्हाडात याच्याइतकं गुणकारी औषध नाही. जूनमध्ये पेरणी, तेव्हा जाता येत नाही. मग निंदण, खत, फवारणी. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, घरात बाई पाहिजेच. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, ती उरकत नाही तोच कापूस फुटतो. वेचणी किलोवर, दिवस बुडाला की पैसे बुडाले. मग तूर, मग हरभरा, मग लग्नसराई. मे महिन्यात थोडी सवड मिळते खरी. पण 45 डिग्रीत बाईमाणसाला एसटीत कोंबून कुठं न्यायचं? काळजी नावाची काही गोष्ट असते की नाही?

आशाताई दारात येईल. गावचीच सून, तिला टाळता येत नाही. लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट देईल, रक्त तपासून घ्या म्हणेल. तिला मान डोलावून वाटेला लावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. म्हणजे तुमच्या घरची बाई बहुमतात आहे, चिंता कसली? गोळीनं मळमळतं, संडासला काळं होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे तिला कोणी नीट सांगत नाही. म्हणून पाकीट देव्हाऱ्यामागे जातं. घेतलीच तिनं गोळी, तर चहासोबत घ्यायला सांगा. चहा लोह अंगी लागू देत नाही, इथं विज्ञानही आपल्याच बाजूनं आहे. आणि तिनं सगळ्यांच्या मागून जेवावं. भाजी सरली तर ठेचा आहेच. पोरीला शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तिलाही हेच वळण आताच लावलेलं बरं, पुढं सासरी जड जात नाही.

दवाखान्यात न्यायची वेळ आलीच, तर बोलायचं तुम्ही. डॉक्टर तिला विचारेल, "काय होतं?" तुम्ही म्हणा, "काही नाही, कमजोरी आहे. एक सलाईन लावून द्या." अंगावरून पांढरं जातं हे ती तुमच्यादेखत, तेही पुरुष डॉक्टरपुढे, सांगणार नाही. तिला एकटीला आत सोडायची चूक मात्र करू नका. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ती केली होती. दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं, विचारलं, ऐकून घेतलं. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. शंभरातल्या 92 आजारी, 92 न तपासलेल्या. इतका चोख हिशोब तर जिनिंगवाल्याच्या काट्यावरही जुळत नाही.

नसबंदीचं विचारू नका. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी. तरी त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात बायकांच्या नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुषांच्या 0.3. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे: पुरुषाला नंतर जड उचलवत नाही म्हणे. हे आपण पानठेल्यावर बोलत असतो, तेव्हा टाके पडलेली बाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन समोरून जात असते. तिला वाट द्यावी.

आता अंगावर काढण्यातली उंची पाहायची असेल, तर आमच्या मोठ्या आईचं उदाहरण घ्या. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सव्वा महिनाही झाला नव्हता, ती निंदणाला गेली. गर्भाची पिशवी खाली सरकली. 'अंग बाहेर येते' एवढंच ती आईजवळ कुजबुजायची. जुन्या लुगड्याची घडी करून आत लावायची, वर घट्ट कासोटा, आणि चालली वावरात. लग्नाच्या पंगतीत ती कधी बसली नाही. वाढायलाच उभी राहायची. आम्ही म्हणायचो, काय उत्साह आहे! यावर रबराची रिंग बसवता येते, शस्त्रक्रिया होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. विचारलंच कुठं होतं कोणी?

शेवटी तिला नेलं ते लघवी अडली म्हणून. डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला, आम्हाला बाहेर काढलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "किती दिवसांपासून आहे हे?"

"धाकल्याच्या वक्तापासून जी."

धाकटा बाहेर मोटरसायकलला टेकून खर्रा घोटत होता. बाईंनी त्याला आत बोलावलं, वय विचारलं, आणि केस पेपरवर लिहिलं: 26 वर्षं.