पक्कड लावून उपटायला तो काय भिंतीतला खिळा आहे?

एसएफपी मॉड्यूल आहे ते, नेटवर्कच्या स्विचमध्ये बसणारा बोटाएवढा भाग, फायबरमधून प्रकाशानं डेटा पाठवणारा! आणि काल रात्री अंधेरीच्या एमआयडीसीत, एका क्लायंटच्या सर्व्हर रूममध्ये, माझ्या डोळ्यांदेखत एकानं त्याला पक्कड लावली. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

रात्री १२ ते ४ ची परवानगी. काम काय, तर आठ मॉड्यूल बदलायची. तासाभराचा खेळ. मी कन्सोलवर एकेक पोर्ट, म्हणजे मॉड्यूल बसतं ती खाच, शटडाऊन करत होते, कंत्राटदारानं पाठवलेला मुलगा रॅकपाशी. मागून 'कट्' असा आवाज आला. वळून बघते तर पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची वायर, आतच, तिच्यासकट मॉड्यूलची ओढाओढ चाललेली, आणि मॉड्यूल सोडवायच्या कडीची तार तुटून खाली पडलेली.

"मॅडम, निघतच नव्हतं, म्हणून जरा जोर लावला."

निघणार कसं? आधी फायबरच्या टोकाच्या एलसी कनेक्टरची क्लिप दाबून फायबर काढायची. फायबर लावलेली असताना बहुतेक मॉड्यूलची कडी पुरती खाली येतच नाही. मग कडी खाली पाडायची, आतली पकड (लॅच) सुटते, आणि मॉड्यूल सरळ रेषेत बाहेर येतं. दोन बोटांनी येतं! जोर लावायची वेळ आली की हात थांबला पाहिजे, कारण काहीतरी चुकतंय. बरं, त्या स्विचवर पोर्टच्या दोन ओळी, खालच्या ओळीत मॉड्यूल उलटं धरून बसवायचं असतं. ते कुणी सांगितलेलंच नाही. शेजारच्या खालच्या पोर्टमध्ये त्यानं एक सुलटंच रेटलं होतं, अर्ध्यात अडकलेलं. आतल्या पिना वाकल्या की तो पोर्ट संपला. तो जागेवर बदलता येत नाही, अख्खा स्विच उतरवून पाठवावा लागतो.

त्याच्या सुपरवायझरला फोन केला तर म्हणे, "हॉट स्वॅप आहे ना मॅडम, मग काय होतंय?" अहो, हॉट स्वॅप म्हणजे स्विच चालू असताना काढता येतं, एवढंच. कसंही उपटा असा त्याचा अर्थ कुठं लिहिलाय?

आणि ती डस्ट कॅप, धूळ आत जाऊ नये म्हणून लावतात ती! नवीन मॉड्यूलची रबरी टोपी त्यानं दातांनी ओढून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली, तिथे आधीच चिल्लर आणि सुपारीची पुडी. नंतर तीच टोपी जुन्या मॉड्यूलला लावायला निघाला. सिंगल मोड फायबरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या बारीक फायबरचा, प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, डोक्याचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. त्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण बसला की संपलं. या शहरात मेट्रोची खोदकामं आणि पाडलेल्या बिल्डिंगा, बुटांबरोबर धूळ थेट रॅकपर्यंत येते. म्हणून फायबर काढली की लगेच दोन्हीकडे टोपी, आणि लावण्याआधी क्लीनरनं पुसायचं. टी-शर्टच्या टोकानं नाही, फुंकर मारून तर अजिबात नाही, थुंकीचे तुषार उडतात. घाणेरडं टोक लावलं तरी लिंक येते, हिरवा दिवा लागतो, सगळे घरी जातात. चार दिवसांनी एरर वाढतात आणि रात्री दोनला फोन मला येतो.

सगळ्यात भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. लाईट येतोय का बघायला त्यानं फायबरचं टोक डोळ्यासमोर धरलं. मी ओरडलेच. तो प्रकाश इन्फ्रारेड असतो, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा. दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. लांब पल्ल्याची मॉड्यूल जास्त ताकदीनं प्रकाश सोडतात. बघायचंच असेल तर पॉवर मीटर लावा, नाहीतर स्विचवर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, किती डीबीएम (तिचं माप) आहे ते वाचा.

अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटपट्टा विचारला तर सुपरवायझर म्हणतो, मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिक कुठलं? सर्व्हर रूममध्ये एसी चोवीस तास हवा सुकवत असतो! शिवाय आपल्याला झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला, मॉड्यूलमधला प्रकाश सोडणारा लेझर डायोड त्याच्या कितीतरी आधी बिघडतो.

त्या मुलावर माझा राग नाही. जेमतेम बावीस वर्षांचा, बदलापूरहून आलेला, बॅगेत एक पक्कड आणि एक स्क्रू ड्रायव्हर. क्लीनर नाही, पट्टा नाही, टोप्यांची डबी नाही. ज्यांनी त्याला असं रात्री पाठवलं, त्यांना दहा मिनिटं शिकवायला वेळ नव्हता. बिल मात्र 'प्रशिक्षित तंत्रज्ञ' म्हणून लावतात.

पावणेचारला तुटक्या कडीचं मॉड्यूल मीच त्याला दाखवत दाखवत हळूहळू काढलं. मग उरलेली पाच त्यानंच बदलली, एकाही ठिकाणी जोर न लावता. बाद झालेला पोर्ट तसाच आहे, त्यावर टेप लावलाय. सकाळी रिपोर्ट आला, कारण लिहिलंय 'मॉड्यूल सदोष'.

मी सही केलेली नाही. करणारही नाही.