ट्रॅम्पोलिनवाल्या त्या फॉरवर्डला उत्तर

उन्हाळा जवळ आला की न्यू जर्सीतल्या आपल्या ग्रुप्सवर तो मेसेज परत फिरायला लागतो. ‘बॅकयार्डमध्ये ट्रॅम्पोलिन बिनधास्त लावा, इन्शुरन्सचं टेन्शन घेऊ नका’, आणि खाली मुद्दे. आत्तापर्यंत मी सोडून देत होते, पण या वेळी माझ्या धाकट्या भावाने तो वाचून चौदा फुटी ट्रॅम्पोलिन मागवला, घरात पाच वर्षांची मुलगी, आणि मला म्हणतो ताई मी सगळं चेक केलंय. काय चेक केलं तर तो फॉरवर्ड. म्हणून आता लिहितेच.

‘होमओनर्स पॉलिसीत लायबिलिटी असतेच, म्हणजे ट्रॅम्पोलिन कव्हर्ड.’ अर्धं खरं आहे. लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचं कव्हर, असते, आणि काही कंपन्या ट्रॅम्पोलिनबद्दल काहीच अट घालत नाहीत, तिथे कव्हर मिळतं, मान्य. पण काही कंपन्या जाळी आणि कुलूप लागणारं कुंपण असेल तरच कव्हर देतात, काहींनी ट्रॅम्पोलिन सरळ वगळलेला असतो, आणि काही तो दिसला की पॉलिसी रिन्यूच करत नाहीत. तुमची यातली कुठली हे डिक्लेरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या सुरुवातीच्या गोषवाऱ्यात, कळेलच असं नाही, मागे जोडलेल्या एंडोर्समेंट, म्हणजे मूळ पॉलिसी बदलणाऱ्या पुरवण्या, वाचाव्या लागतात. भावाच्या पॉलिसीची पीडीएफ मीच उघडली, पार शेवटाकडे कुत्र्यांबद्दलच्या कलमाखाली एक परिच्छेद होता, ट्रॅम्पोलिनमुळे झालेल्या इजेला लायबिलिटी लागू नाही, आणि मेडिकल पेमेंट, म्हणजे जखमी पाहुण्याच्या उपचाराचा खर्च देणारं कव्हर, तेही नाही. संपलं.

‘जाळी लावली की धोका शून्य.’ अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ साली यावर सविस्तर निवेदन काढलंय, ते वाचा. जाळ्यांमुळे दुखापती कमी झाल्याचा ठोस पुरावा नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जणं एका वेळी उड्या मारताना होतात, म्हणजे मुलं जाळीच्या आतच असतात, एकमेकांवर आदळतात, आणि त्यातही सगळ्यात छोट्या मुलाला सगळ्यात जास्त लागतं. सहा वर्षांखालच्यांना हाडं मोडण्याचा धोका विशेष. आणि ‘आम्ही बघत बसतो’ म्हणणाऱ्यांसाठी, एक तृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठी माणसं लक्ष ठेवून असताना झालेल्या आहेत. त्याच निवेदनात डॉक्टर लोक हेही सांगतात की घरच्या पॉलिसीत ट्रॅम्पोलिन कव्हर होतो का ते तपासा, वेगळा रायडर, म्हणजे जादाचं कव्हर, घ्यावा लागू शकतो. मुलांच्या डॉक्टरांना हे लिहावंसं वाटलं यातच काय ते समजा.

‘आपलं मूल पडलं तरी मेडिकल पेमेंट मिळतं.’ नाही मिळत. ते कव्हर पाहुण्यांसाठी असतं, घरातल्यांसाठी नाही.

‘मुलांच्या आईबापांची सही घेऊन ठेवा.’ न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये हॉयनोव्स्की खटल्यात, तो स्केट पार्कचा होता, ‘मुलाला लागलं तर दावा करणार नाही’ अशी आईबापांनी मुलाच्या वतीने आधीच दिलेली माफी ग्राह्य धरली नाही. पार्कचा वकिलांनी लिहिलेला कागद टिकला नाही तर तुमची गूगल डॉकची प्रिंट टिकणार आहे का? शिवाय इथे मुलाला अठरा झाल्यावर पुढे दोन वर्षं दावा लावता येतो.

‘न विचारता आलेल्या पोराची जबाबदारी आपली नाही.’ ट्रॅम्पोलिनच्या बाबतीत कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, काहींनी घरमालकाच्या बाजूनेही निकाल दिलेत. पण मुलांना खेचून आणणारी धोक्याची वस्तू उघडी ठेवली तर मालक जबाबदार ठरू शकतो हे तत्त्व अमेरिकेत १८७३ पासून आहे, रेल्वेच्या टर्नटेबलवर खेळताना जखमी झालेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या खटल्यापासून. तेव्हा ‘जबाबदारी नाही’ असं छातीठोक सांगू नका.

आता ज्या वाक्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते. ‘आपली मराठी माणसं एकमेकांवर केस करत नाहीत.’ अहो, तुमच्या मैत्रिणीला करायचीच नसते! तिच्या मुलाचं कोपर मोडतं, इमर्जन्सी, सर्जरी, बिल तिच्या हेल्थ प्लॅनला जातं. मग प्लॅनकडून तिला फॉर्म येऊ शकतो, अपघात कुठे झाला, कोणाच्या जागेत, त्यांचा इन्शुरन्स कोणता. ती खरं लिहिते, लिहायलाच हवं. मोठ्या कंपन्यांचे बरेचसे प्लॅन सेल्फ फंडेड असतात, म्हणजे उपचाराचे पैसे नोकरी देणारी कंपनीच भरते, आणि त्यांच्या करारात दिलेले पैसे जबाबदार माणसाकडून वसूल करायचा हक्क लिहिलेला असतो, सब्रोगेशन म्हणतात त्याला. म्हणजे गणपतीला तुमच्याकडे मोदक करायला येणारी ती मैत्रीण आणि तुम्ही, दोघींची इच्छा नसताना एकमेकींसमोर उभ्या राहता, आणि तुमच्या पॉलिसीत ट्रॅम्पोलिन वगळलेला असेल तर वकीलही तुमच्या खर्चाने. आणि मुलाच्या मानेला, मणक्याला लागलं तर? आयुष्यभराचा खर्च कोण करणार? तिने तुमच्याकडे मागितला तर ते वैर नाही, आई म्हणून तिला मागावाच लागेल.

‘एजंटला सांगू नका, प्रीमियम वाढतो.’ वाढू शकतो, पॉलिसीही जाऊ शकते, हे खरंय. पण ट्रॅम्पोलिन आहे का हे बऱ्याच अर्जांत विचारलेलं असतं, तिथे खोटं लिहिलंत तर नेमकं क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते. कंपन्या वरून काढलेले फोटोही बघतात, चौदा फुटांचं काळं वर्तुळ लपत नाही. पॉलिसी गेली की मॉर्गेजवाली बँक स्वतःची महागडी पॉलिसी लावते आणि त्यात लायबिलिटी सहसा नसते.

अंब्रेला पॉलिसीचंही, म्हणजे घराच्या पॉलिसीच्या वर घेतलेल्या जादा लायबिलिटीचंही, तेच, बऱ्याचदा खालच्या पॉलिसीत वगळलेलं वरचीतही वगळलेलं असतं, तपासा.

ज्यांच्या अंगणात आज उभा आहे त्यांनी एजंटला मेल करा: माझ्याकडे ट्रॅम्पोलिन आहे, पाहुण्या मुलाला लागलं तर लायबिलिटी आणि मेडिकल पेमेंट दोन्ही लागू आहेत का, कुठल्या अटींवर, पॉलिसीतलं कलम पाठवा. उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं ‘हो हो, कव्हर्ड आहे’ क्लेमच्या वेळी सिद्ध करता येत नाही. आणि उत्तर येईपर्यंत शिडी काढून गॅरेजमध्ये ठेवा.