मारेकऱ्याचं कौतुक कशाला? : 'जॅकल'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'काका' म्हणतोय, कारण महसूल खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्याचं तुम्हीच लिहिलंय. तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि खरमरीतही. खाली 'अभिप्रायाबद्दल आभार' असं लिहून तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी आधीची चर्चा वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. फ्रेडरिक फोरसाइथच्या 'द डे ऑफ द जॅकल' या १९७१ सालच्या कादंबरीवर मी लिहिलं होतं. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांना संपवायची पाच लाख डॉलरची सुपारी एका भाडोत्री मारेकऱ्याला मिळते आणि क्लोद लबेल नावाचा साधासुधा पोलीस अधिकारी त्याच्या मागावर निघतो, ही गोष्ट. थरारकथांमध्ये मी तिला फार वरची जागा दिली. त्यावर काकांचे आक्षेप असे. द गोल असे मारले गेले नाहीत हे जगाला माहीत आहे, मग थरार कसला? जॅकलला नाव नाही, घरदार नाही, मन नाही, तो नुसता पुठ्ठ्याचा. बंदूक बनवून घेण्याची आणि कागदपत्रं जमवण्याची वर्णनं इतकी कंटाळवाणी की त्यांनी पहिला भाग संपायच्या आत पुस्तक मिटलं. लहानपणी त्यांनी बाबुराव अर्नाळकर वाचले, पण तिथे निदान सज्जन कोण आणि दुर्जन कोण ते कळायचं. आणि सगळ्यात झोंबणारा आक्षेप म्हणजे, जिथे १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, जिथे कुसुमाग्रज राहिले, जिथे अनंत कान्हेऱ्यांनी देशासाठी पिस्तूल उचललं, त्या नाशकात बसून पैशासाठी खून करणाऱ्याचं कौतुक कशाला?

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो. पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'चा प्रयोग. नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याची मुंबईला बदली झालेली आणि हा प्रयोग त्याच्या निरोपाचा. कान्हेऱ्यांनी त्याला तिथेच गोळ्या घातल्या. पुढे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना फाशी झाली. ही हकिकत आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत ऐकली, घरी ऐकली, व्याख्यानांतून ऐकली. शेवट सगळ्यांना पाठ. तरी कुणी नीट सांगायला बसलं की आपण सरसावून ऐकतो की नाही? लंडनहून निघालेली ब्राउनिंग पिस्तुलं इथवर पोचली कशी? कान्हेऱ्यांचा नेम चुकला असता तर? तर कर्वे होते, देशपांडे होते, दोघं त्याच थिएटरात. एवढं ऐकलं की पुन्हा काळजात धस्स होतं. जॅक्सन मेला हे माहीत असूनही होतं.

'जॅकल'मध्ये चालतं ते हेच. फरक इतकाच, की इथे माणूस वाचला हे आपल्याला माहीत असतं. गंमत म्हणजे तुमचाच आक्षेप फोरसाइथला प्रकाशकांकडूनही ऐकावा लागला होता. त्याने कादंबरी लिहिली १९७० च्या जानेवारीत, पस्तीस दिवसांत. द गोल तेव्हा हयात होते. नोव्हेंबरात ते वारले ते घरी, नैसर्गिक मरणाने. जो माणूस ढळढळीत जिवंत आहे त्याच्या खुनाची गोष्ट कोण वाचेल, असं म्हणून एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच. लाखोंनी खपली.

कान्हेरे आणि जॅकल यांना मी एका पारड्यात घातलेलं नाही आणि घालणारही नाही. एकाने जीव दिला, दुसरा स्विस बँकेत पैसे जमा झाले का ते बघतो. पण 'कौतुक' कोणाचं, हे जरा तपासून बघू. मी कौतुक केलं ते लेखकाच्या मांडणीचं. तो पूर्वी रॉयटर्सचा पॅरिसमधला बातमीदार होता आणि द गोल यांच्यावर हल्ले होत होते त्याच काळात तिथे होता. कादंबरीची सुरुवात कल्पनेतली नाही. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे द गोल यांच्या गाडीवर खरोखर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, गाडी तरी निसटली. द गोल यांनी फ्रान्सच्या ताब्यातला अल्जीरिया सोडल्याच्या रागातून हे झालं होतं. त्या कटाच्या सूत्रधाराला, बास्तियाँ-थिरीला, ११ मार्च १९६३ ला गोळ्या घालून देहदंड दिला गेला, आणि कादंबरी त्या सकाळपासून सुरू होते. हे सगळं घडलेलं. त्याला लागून, सांधा न दाखवता, न घडलेलं सुरू होतं. तुम्ही पहिल्या काही पानांवर विश्वास ठेवलात की पुढचं नाकारायचं कुठून हेच कळेनासं होतं.

आता 'पुठ्ठ्याचा' माणूस. खरं सांगायचं तर या मुद्द्यावर आमच्या वाचकांत उभी फूट आहे आणि ती नुसती आवडनिवडीची नाही. आपल्याकडे कादंबरी म्हटली की आपण माणसाचं मन शोधायला जातो. त्याचं बालपण, त्याची सल, त्याचं एकटेपण. जॅकलकडे यातलं काहीच नाही. शेवटी त्याला पुरतात तेव्हाही त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नसतं. पण त्याच्याकडे काम आहे. तो काय करतो, कुठल्या क्रमाने करतो, कुठली गोष्ट दोनदा तपासतो, एवढ्यावरूनच तो आपल्याला कळतो. त्याच पोस्टखाली अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या वाचकाची प्रतिक्रिया आहे, ती जरूर बघा. तुम्हाला जिथे जांभई आली, तिथे, म्हणजे बंदूक बनवणारा कारागीर नळ्यांमध्ये बसतील असे सुटे भाग घडवतो त्या प्रकरणात, हे गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांना जॅकलच्या आईबापांत काडीचा रस नाही. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, किती ठेवला असेल, यात आहे. असा वाचक खालच्या दर्जाचा, असं मी म्हणणार नाही. सातपूर-अंबडच्या या शहराने तर मुळीच म्हणू नये.

आणि काका, कागदपत्रांच्या ज्या भागाला तुम्ही रटाळ म्हणालात, तो तुमच्याच खात्यातल्या माणसाने वाचावा असा आहे, हे मला राहूनराहून वाटतंय. जॅकल खोटा पासपोर्ट छापत नाही. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात, त्यामुळे छपाई, कागद, खुणा यांच्या गोष्टी इथे घराघरात ऐकायला मिळतात. जॅकलला त्यातल्या कशालाच हात लावावा लागत नाही. तो गावोगावच्या चर्चच्या दफनभूमीत हिंडतो. आपल्या वयाच्या आसपास जन्मलेलं, पण लहानपणीच गेलेलं मूल शोधतो. त्या मुलाच्या जन्माचा दाखला रीतसर फी भरून काढतो आणि त्यावर अर्ज करतो. पासपोर्ट अस्सल, शिक्का अस्सल, माणूस तेवढा खोटा. हे जमतं, कारण जन्माची नोंद एका वहीत आणि मृत्यूची दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या एकमेकींशी ताडून बघायचा नियमच नाही. ब्रिटनमध्ये ही पळवाट खरोखर होती. पुढे कितीतरी वर्षं ती तशीच उघडी राहिली आणि तिला या कादंबरीचंच नाव चिकटलं.

मयताच्या नावावर सातबारा तसाच राहतो आणि वारसनोंद होत नाही, याची प्रकरणं तुम्ही टेबलावर किती पाहिली असतील! तुम्हाला हे कंटाळवाणं वाटावं याचं मला नवल वाटलं.

'सज्जन कोण, दुर्जन कोण' हे कळत नाही, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड तरी कायद्याच्या चौकटीत कुठे बसायचे? इथे तर लबेल आहे. घरी बायकोची बोलणी खाणारा, अधिकाऱ्यांच्या बैठकीत अंग चोरून बसणारा. अडचण वेगळीच आहे आणि तुम्ही पुस्तक मिटल्यामुळे ती तुमच्या वाट्याला आली नाही. शेवटी जॅकल एकाक्ष दुर्बिणीतून नेम धरतो तेव्हा, त्याने वाटेत निरपराध माणसं मारली आहेत हे ठाऊक असताना, एक क्षण आपल्याला वाटतं की एवढी मेहनत वाया जाऊ नये. मला वाटलं. ते वाटणं मला आवडलं नाही, आणि म्हणूनच ही कादंबरी नुसती करमणूक म्हणून मी बाजूला ठेवू शकत नाही.

शेवटावरून भांडणारेही पुष्कळ आहेत. द गोल सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला वाकतात आणि गोळी हुकते. 'हे तर नशीब!' असं दोघातिघांनी लिहिलं. मला तसं वाटत नाही. ज्याने बंदुकीपासून वेशापर्यंत सगळं मोजलं, त्याला फ्रेंच लोकांची एक साधी रीत मोजता आली नाही. बाहेरून आलेला माणूस चुकला तर तो इथेच चुकणार होता. मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या बैठकांबद्दल कुणी बोललं तर मात्र मी गप्प बसेन. दुसऱ्यांदा वाचताना ती पानं मी सरळ उलटतो.

तुमच्या सगळ्या आक्षेपांपेक्षा मला जड गेला तो गंगापूर रोडवरच्या एका वाचक बाईंचा. त्यांनी लिहिलं, की या कादंबरीत बायका फक्त दोन कामांना आहेत, एक तर बिछान्यातून बातमी काढायला, नाहीतर मारेकऱ्याला आसरा देऊन मरायला. याला माझ्याकडे उत्तर नाही. कामातून माणूस दाखवायची फोरसाइथची रीत पुरुषांपाशीच थांबते, हे त्यांचं निरीक्षण माझ्या मूळ लेखापेक्षा धारदार आहे. 'तो काळच तसा होता' हे मी म्हणणार नाही. ते म्हणणं सोपं आहे.

राहिला तुमचा सल्ला : जॅक्सन खटल्यावर लिहा, थरारकथेसारखं. लिहायचं मनात आहे, पण थरारकथेसारखं नको. त्या हकिकतीत रिकाम्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या कल्पनेने भरायचा मोह कादंबरीकाराला शोभतो. फाशी गेलेल्या मुलांच्या बाबतीत मला तो धोक्याचा वाटतो.

तोवर एक विनंती. पुस्तक जिथे मिटलंत तिथून पुढे जा, निदान दुसरा भाग वाचा. तिथे गोळीबार जवळजवळ नाही. लबेल रात्रीबेरात्री परदेशांतल्या पोलिसांना फोन लावतो. लंडनमध्ये कुणीतरी पासपोर्टचे अर्ज आणि मृत्यूची नोंदवही शेजारी शेजारी ठेवतं, म्हणजे आधी कुणी केलंच नव्हतं ते काम करतं, आणि अडीच वर्षांचा असताना गेलेला मुलगा अर्जदार म्हणून सापडतो. मग फ्रान्सभरच्या हॉटेलांतली पाहुण्यांची कार्डं गोळा व्हायला लागतात. ती दरवेळी थोड्याशा उशिराने पोचतात, कारण कार्ड नेणारा शिपाई, ते चाळणारा कारकून आणि वर कळवणारा अधिकारी यांच्यात वेळ जातो. तो वेळ कुठे आणि कसा जातो, ते लेखकाला बरोबर जमलंय की नाही, हे तुमच्याइतकं नेमकं आमच्यातलं कुणी सांगू शकणार नाही. वाचून झालं की लिहा. शिव्या घातल्यात तरी छापीन.