तर्जनी-मधलं, तर्जनी-मधलं… आणि बाकीची बोटं?

स्पॅनिश गिटारवर स्केल, म्हणजे सुरांची चढती-उतरती ओळ, वाजवताना उजव्या हाताची कुठली बोटं वापरायची, असं नवख्याने विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘फक्त तर्जनी आणि मधलं, आलटून पालटून. एकच बोट लागोपाठ दोनदा कधीच नाही. स्ट्रोक अपोयांदोच, म्हणजे तार छेडल्यावर बोट शेजारच्या जाड तारेवर टेकलंच पाहिजे. अनामिका कमजोर, तिला स्केलमध्ये घेऊ नका. पहिल्यापासून असंच चालत आलंय.’

सुरुवात याच दोन बोटांनी करावी, हे मलाही मान्य. फ्लामेंको या स्पॅनिश संगीतातला पिकादो, म्हणजे वेगाने सुटे सूर छेडण्याची पद्धत, त्यांच्यावरच उभा आहे, आणि फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसियाला ऐकताना तिसरं बोट हवं होतं असं कोण म्हणेल? माझं भांडण ‘फक्त’ आणि ‘कधीच’ या दोन शब्दांशी आहे.

‘पहिल्यापासून’ हा मुद्दा सगळ्यात पोकळ, म्हणून तो आधी. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये विहुएला हे गिटारसारखं तंतुवाद्य वाजवणारे जलद सुरावटींसाठी तर्जनी-मधलं वापरत, अंगठा-तर्जनीही वापरत, आणि एकटी तर्जनी आत-बाहेर फिरवूनही वाजवत. या शेवटच्या तऱ्हेला देदियो म्हणत. मिगेल दे फुएनयानाच्या १५५४च्या ग्रंथात तिच्याबद्दल लिहिलेलं आहे. आपल्याकडे मिजराब घातलेल्या तर्जनीने सतारीवर ‘दा-रा’ वाजताना पाहिलंय ना, त्याच जातीची हालचाल. पुढे गिटारवादक फर्नांदो सोरने १८३०च्या आपल्या मेथडमध्ये, म्हणजे शिकवणीच्या पुस्तकात, सरळ सांगून टाकलं, की प्रत्येक सूर सुटा छेडून वेगाने स्केल वाजवण्याच्या मागे मी लागलोच नाही. डाव्या हाताने सूर जोडत गेलो. आणि गिटारवादक सेगोवियाची १९५३ची स्केल्सची पुस्तिका उघडा. तर्जनी-मधलं आहेच, पण अनामिकेच्या जोड्याही सरावाला दिल्या आहेत.

आता खरी मेख. एकाच तारेवर वाजवत राहायचं असेल तर आलटून पालटून हा नियम बिनतक्रार चालतो. अडचण तार बदलताना येते. उजवा हात तारांवर ठेवून पाहा: तर्जनी जाड तारांच्या बाजूला, अनामिका बारीक तारांच्या बाजूला. म्हणून बारीक तारेकडे जाताना आधी तर्जनी आणि नवीन तारेवर मधलं, हे सहज होतं. उलट झालं की बोटं एकमेकांना ओलांडू लागतात आणि मनगट हलतं. एका तारेवर तीन-तीन सूर असलेला स्केल घ्या. चढताना सुरुवातीच्या जाड तारेवर तर्जनी-मधलं-तर्जनी, पुढच्या बारीक तारेवर मधलं-तर्जनी-मधलं. म्हणजे एक बदल सोपा, पुढचा अवघड, परत सोपा. डावा हात बिचारा चोख असतो आणि स्केल अडखळतो. मग महिनोन् महिने मेट्रोनोमला, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राला, दोष देत बसायचं. मी बसलोय.

गिटारवादक नार्सिसो येपेस अनामिका-मधलं-तर्जनी असा तीन बोटांचा स्केल वाजवायचा. तीन सुरांच्या तारेवर हा क्रम चपखल बसतो: चढताना प्रत्येक वेळी तर्जनीनंतर बारीक तारेवर अनामिका येते, ओलांडाओलांडी नाही. उतरताना मात्र हाच क्रम उलटतो. तर्जनी बारीक तारेवर आणि अनामिकेला जाड तारेवर पोचायचंय. तेव्हा तीन बोटांनाच रामबाण म्हणणारेही तितकेच चूक. शिवाय चार-चार सुरांच्या गटात पहिला सूर आळीपाळीने अनामिका, मधलं, तर्जनी असा येतो, त्यामुळे कुठल्याही एका बोटाचा आवाज दबका असला की लगेच उघडं पडतं.

अनामिका कमजोर म्हणतात त्यात तथ्य इतकंच, की तळहाताच्या मागच्या बाजूला तिच्या स्नायुबंधाला शेजारच्या बोटांशी जोडणारे पट्टे असतात. टेबलावर तळवा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून पाहा. बहुतेकांची जागची हलत नाही. त्यामुळे मधलं-अनामिका ही जोडी वेगात त्रास देते. पण ओळीने तीन बोटं आत मिटत जाताना तिला एकटीने उठायला कुणी सांगत नाही. आणि गंमत अशी, की स्केलमध्ये तिला बंदी घालणारे लोकच त्रेमोलोमध्ये, म्हणजे अंगठ्यानंतर बोटांनी एकच सूर भरभर छेडताना, तिच्याकडून अंगठ्यानंतरचा पहिला सूर तासन् तास घोटून घेतात!

एक बोट दोनदा? एकाच तारेवर, वेगात, नकोच. बोट परत यायला वेळ लागतो. पण उतरताना अपोयांदो वाजवलं की बोट आपसूक शेजारच्या जाड तारेवर टेकलेलं असतं. तिथून तेच बोट पुढे ओढलं की पुढचा सूर मिळतो. तिथे बोट बदलायचा हट्ट कशासाठी?

आणि ‘अपोयांदोच’ म्हणणाऱ्यांनी (तारा बारीक बाजूने मोजायच्या) चौथी तार मोकळी छेडून, ती वाजत असताना तिसऱ्या तारेवर अपोयांदो करून पाहावं. बोट चौथीवर टेकतं आणि खर्ज जागीच मरतो. तिथे तिरांदो, म्हणजे बोट न टेकवता मोकळं सोडणं, याला पर्याय नाही.

मी स्वतः स्वरलिपीत सगळी बोटं लिहीत नाही. तार जिथे बदलते तेवढ्याच सुरावर पेन्सिलने बोट लिहितो आणि तिथून मागे मोजत पहिलं बोट ठरवतो.